शिते, भुते आणि हॅमस्टर



ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, सहकार आणि संतवाङ्मय यांवर बोलले जाते, त्याच व्यासपीठावर मुठीत मावणाऱ्या एका प्राण्याच्या जेवणाचा विषय यावा, याचे काहींना हसू येईल. हसण्यास माझी हरकत नाही. परंतु हा प्राणी आता आपल्या घरांत शिरलेला आहे. शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हॅमस्टर मिळतो. मूल हट्ट धरते, वाढदिवस जवळ येतो, कुत्रा नको, मांजर नको, निदान हा एवढासा जीव तरी असू द्या, म्हणून पिंजरा घरात येतो. दुकानदार दाण्यांची एक पुडी बरोबर देतो. ती काही आठवड्यांत संपते. मग आजी म्हणते, "अरे, दाणे संपले तर भात घाल की त्याला! भातासारखे हलके अन्न नाही."

आजीचे हे म्हणणे आपल्या रीतीला धरूनच आहे. आपल्याकडे बाळाचे उष्टावण बहुधा भाताने होते, आजाऱ्याला पेज देतात, जेवायला बसताना ताटाभोवती चित्राहुती घालतात, गाईला गोग्रास आणि कावळ्याला काकबळी ठेवतात. जीव दारी आला की त्याला भाताचा घास घालावा, ही आपली भूतदयेची पहिली व्याख्या आहे. तेव्हा पिंजऱ्यातल्या प्राण्यापुढे भात ठेवणारा हात प्रेमाचाच असतो. प्रश्न एवढाच आहे की, ते प्रेम त्या प्राण्याला मानवते काय?

उत्तर एका वाक्यात देता येते. भात हे हॅमस्टरला विष नव्हे, पण ते त्याचे जेवणही नव्हे. काही शिते चालतात, वाटी चालत नाही. आणि दिलेले शीत पुढे कुठे गेले हे पाहणे, ते देण्याहून अधिक महत्त्वाचे आहे. एवढे सांगून मला खाली बसता आले असते. परंतु कारण न कळता सांगितलेला नियम फार दिवस पाळला जात नाही. म्हणून त्या नियमामागची कारणे आज आपल्यापुढे मांडावयाची आहेत.

प्रथम हा प्राणी कोण, कुठला, ते पाहू. आपल्या घरांत जो सोनेरी हॅमस्टर येतो त्याचे मूळ गाव सीरिया देशातील अलेप्पो. त्या शहरात अठराव्या शतकात अलेक्झांडर आणि पॅट्रिक रसेल हे दोघे भाऊ डॉक्टर म्हणून राहत होते. त्यांच्या अलेप्पोविषयीच्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १७९४ साली निघाली, तीत या प्राण्याचे वर्णन आहे. एक मेलेला हॅमस्टर चिरून पाहिला, तेव्हा त्याच्या दोन्ही गालांत शेंगा इतक्या व्यवस्थित रचून भरलेल्या होत्या की, बाहेर काढून मोकळ्या पसरल्यावर त्यांचा ढीग प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट झाला! यातले पॅट्रिक रसेल पुढे हिंदुस्थानात आले आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावर सापांचा अभ्यास करीत राहिले. आपल्या रानांतल्या घोणसीला इंग्रजीत त्यांचेच नाव आहे. म्हणजे घोणस आणि हॅमस्टर या दोन प्राण्यांना जोडणारा एक माणूस आपल्या देशात राहून गेलेला आहे.

१८३९ साली जॉर्ज वॉटरहाऊस या इंग्रज शास्त्रज्ञाने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, आणि नंतर जवळजवळ शतकभर त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. मग १९३० साली इस्रायल आहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ जेरुसलेमहून अलेप्पोला गेले. तेथील शेखच्या परवानगीने मजुरांनी शेत खणले, आणि सुमारे ८ फूट खोलीवर एक मादी आणि तिची ११ पिले सापडली. घाबरलेल्या मादीने एक पिलू तिथेच मारले. उरलेल्यांतली काही पुढे पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पळाली. शेवटी जी मूठभर राहिली त्यांच्यापासून वर्षभरात दीडशेच्या आसपास प्राणी झाले, आणि आज जगभर घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सर्व सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या कुटुंबाचे वंशज आहेत.

ही खटपट कशासाठी झाली, हेही आपल्या जवळचेच प्रकरण आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले सॉल ॲडलर हे ज्या परोपजीवी जंतूंचा अभ्यास करीत होते त्याच जातीच्या जंतूने काळा आजार होतो, ज्याने बंगाल, बिहार, आसाम या प्रांतांत असंख्य बळी घेतले. या अभ्यासाला चिनी हॅमस्टर उपयोगी पडत, पण ते प्रयोगशाळेत वीण देईनात. म्हणून जवळच्या मुलखातल्या हॅमस्टरचा शोध सुरू झाला. पुढे भारतातल्या प्रयोगशाळांतही काळ्या आजारावरची औषधे याच सोनेरी हॅमस्टरवर पारखली गेली. म्हणून ज्याला आपण खेळणे समजतो त्या प्राण्याचे आपल्यावर थोडे ऋण आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता अलेप्पोच्या त्या शेताकडे पुन्हा वळू, कारण जेवणाचा विषय तिथेच सुटतो. तो मुलूख कोरडा. पिके गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांची. रान काही महिने हिरवे, उरलेला काळ करपलेले. अशा ठिकाणी जगावयाचे तर मिळेल तेव्हा गोळा करावे आणि जमिनीखाली साठवून ठेवावे, हाच मार्ग. हॅमस्टर नेमके तेच करतो. जर्मन भाषेत तर साठेबाजी करणे या अर्थाचे एक क्रियापदच या प्राण्याच्या नावावरून झाले आहे. त्याच्या बिळात निजण्याची जागा वेगळी, मलमूत्राची वेगळी आणि कोठार वेगळे असते. कोठारात जातो तो कोरडा दाणा. कोरड्या दाण्यात पाण्याचा अंश शेकडा १२ च्या सुमारास असतो, म्हणून तो महिनेन् महिने टिकतो. हॅमस्टरची ही साठवण्याची बुद्धी कोरड्या अन्नासाठी बनलेली आहे. शिजवलेले अन्न ही वस्तू त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलीच नव्हती.

या बुद्धीला साजेसे त्याचे शरीर आहे. दोन्ही गालांत पिशव्या असतात, आणि त्या खांद्यांच्या मागेपर्यंत पोहोचतात. अन्न तोंडात घेतले म्हणजे ते पोटात गेले असे आपण समजतो. हॅमस्टरच्या बाबतीत ते खरे नाही. तो अन्न पिशवीत भरतो, कोपऱ्यात नेतो, पुढच्या पायांनी गाल दाबून बाहेर काढतो आणि भुशाखाली पुरतो. पिशवी आतून कोरडी असते, म्हणून कोरडा दाणा जसा आत जातो तसाच बाहेर येतो. चिकट पदार्थ मात्र आतल्या नाजूक कातडीला धरून बसतो. तो तिथे कुजला की गाल सुजतो, पू होतो, आणि कधी पिशवी उलटी होऊन तोंडाबाहेर येते. पदार्थ गरम असेल तर आतली कातडी भाजते. आपण गरम घास तोंडातून टाकून देतो. याने तो भरून ठेवलेला असतो.

पिशवीपुढे पोट. त्याच्या जठराचे दोन कप्पे असतात, आणि पहिल्या कप्प्यात सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने अन्न आंबते. पुढे आतड्यातही अशाच उपकारक जंतूंची वस्ती असते. हा समतोल फार नाजूक आहे. जेवणात एकाएकी बदल झाला की वस्ती बिघडते, आणि जुलाब सुरू होतात. त्यात आणखी एक अडचण अशी की, उंदरांच्या कुळातल्या प्राण्यांना ओकता येत नाही. आपल्याला वाईट अन्न लागले तर ते बाहेर फेकण्याची सोय निसर्गाने ठेवली आहे. हॅमस्टरला ती दिलेली नाही. जे गिळले ते पुढेच जावयाचे.

हा झाला खाणारा. आता खाण्याच्या वस्तूकडे, म्हणजे तांदळाकडे येऊ.

तांदळाविषयी पहिली भीती अशी सांगतात की, कच्चा तांदूळ पोटात गेला की फुगतो आणि पोट फुटते. ही भीती जगभर आहे. लग्नात तांदूळ उधळण्याची चाल पाश्चात्त्यांतही आहे, आणि तो खाऊन पक्षी मरतात अशा समजुतीने १९८५ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ती बंद करण्याचे विधेयकसुद्धा आले होते. आपल्याकडे कार्यालयाच्या अंगणात पडलेल्या अक्षता चिमण्या पिढ्यानुपिढ्या टिपत आल्या, आणि भाताच्या खाचरांवर पाखरांचे थवे उतरतात ते पोट फोडून घेण्यासाठी नव्हे. तांदूळ फुगतो तो उकळत्या पाण्यात. शरीराच्या उष्णतेला तो सावकाश भिजतो. शिवाय हॅमस्टर दाणा अख्खा गिळत नाही, दातांनी कुरतडून त्याचे पीठ करून खातो. म्हणून चारसहा कोरडे तांदूळ त्याने खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही. साळ, म्हणजे टरफलासकट भात, मिळाली तर उत्तमच. टरफल सोलण्यात त्याचा वेळ जातो आणि दातही झिजतात. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे झिजणे ही त्याची गरज आहे.

तर मग कच्च्या तांदळात धोका काहीच नाही काय? आहे, पण तो तांदळात नसून आपल्या डब्यात आहे. वर्षाचा तांदूळ भरताना त्याला कीड लागू नये म्हणून आपल्याकडे बोरिक पावडर चोळून ठेवण्याची पद्धत आहे. आपण तो तांदूळ दोनतीन पाण्यांनी धुतो आणि मग शिजवतो. हॅमस्टरला डब्यातून उचलून चार दाणे टाकले तर ती धुण्याची पायरी चुकते. ज्या बोरिकच्या गोळ्या करून आपण झुरळे मारतो, तेच बोरिक शंभर ग्रॅम वजनाच्या प्राण्याला चाटावयास देणे शहाणपणाचे नाही. हळदकुंकू लावलेल्या अक्षता, किंवा कीटकनाशक गोळ्या ठेवलेल्या पोत्यातले धान्य यांनाही हाच न्याय.

दुसरी भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण खरी भीती तीच आहे. ती म्हणजे भाताची सवय. भात मऊ, गोडसर आणि सोपा. प्राणी तो आवडीने खातो, आणि आवडीने खातो म्हणून आपण रोज घालतो. येथे एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. काही काळाने कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना देण्याचे नाकारले, आणि त्या नकाराने कोंबड्या वाचल्या! सडून पांढऱ्या केलेल्या तांदळातून कोंड्याबरोबर जे जाते, त्यातच रोग टाळणारे द्रव्य होते. त्यालाच आपण आज 'ब' जीवनसत्त्वांपैकी पहिले जीवनसत्त्व म्हणतो. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आपल्याकडे कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी याच दिशेने पुढे काम केले. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना घातले. गव्हाची पोळी, डाळ, दूधदुभते आणि भाज्या असा शिखांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. मुख्यतः भातावर असलेला मद्रासी आहार मिळालेले सर्वांत मागे राहिले. त्या कामातूनच पुढे वाढलेली संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. उंदीर हा हॅमस्टरचा भाऊबंदच. हॅमस्टरच्या रोजच्या अन्नात प्रथिने शेकडा १६ ते १८ तरी असावी लागतात. पांढऱ्या तांदळात ती शेकडा ७ च्या आसपास, आणि शिजल्यावर पाणी मिसळून तीही शेकडा २ ते ३ वर येतात. भाताने पोट भरते आणि अंग मात्र उपाशी राहते. पिंजऱ्यातला प्राणी तर बाहेर जाऊन काही टिपून ती तूट भरू शकत नाही. आइकमानच्या कोंबड्यांना निदान नवा आचारी भेटला. आपल्या हॅमस्टरचा आचारी आपणच आहो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे म्हण आहे, शिते तेथे भुते. म्हणीचा अर्थ निराळा. जिथे खावयास मिळते तिथे माणसे जमतात, एवढाच. पण जंतुशास्त्राच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी आहे. तांदळाच्या दाण्यावर शेतातल्या मातीबरोबर एका जंतूची बीजे येतात. त्या जंतूचे नाव बॅसिलस सेरियस. ही बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजतो, झाकून ओट्यावर राहतो, कोमट होतो, आणि त्या उबेत बीजे जागी होऊन वाढू लागतात. वाढता वाढता ती असे एक विष तयार करतात की, भात पुन्हा कढत केला तरी ते जात नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा या जंतूचे आणि भाताचे नाते उजेडात आले. उरलेला भात लवकर थंड जागी ठेवावा, असे जे सांगतात त्याचे कारण हे.

आता हॅमस्टरचा स्वभाव आणि हा जंतू यांची गाठ घालून पाहा. आपण रात्री चमचाभर भात ठेवला. सकाळी वाटी रिकामी. आपण खूश होतो, बिचाऱ्याने सगळा संपवला! प्रत्यक्षात त्याने चार शिते खाल्ली आणि उरलेला भात गालात भरून भुशाखालच्या कोठारात नेला. कोरड्या दाण्यासाठी बनलेल्या त्या कोठारात शेकडा ७० भाग पाणी असलेला भात जाऊन बसला. दिवस एप्रिल-मेचे. दुपारपर्यंत तो आंबतो, दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते, आणि तिसऱ्या रात्री आपला साठेबाज आपल्याच कोठारातून तो काढून खातो. ज्याला ओकता येत नाही त्याने हे अन्न खाल्ले! वाटीत घातलेला भात निर्मळ होता, म्हणून घालणाऱ्याच्या मनाला काही शंका येत नाही, आणि प्राणी का आजारी पडला याचा उलगडा होत नाही. रिकामी वाटी हा खाल्ल्याचा पुरावा नव्हे. हॅमस्टर पाळणाऱ्याने एवढे एक वाक्य पाठ केले तरी माझे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.

मग द्यावयाचा तर कसा द्यावा? थोडे गणित करू. पूर्ण वाढलेला सोनेरी हॅमस्टर साधारण १२० ग्रॅम वजनाचा असतो. ६० किलो वजनाचा माणूस त्याच्या ५०० पट झाला. शिजलेले एक शीत सुमारे ५० मिलिग्रॅमचे धरले, तर ते हॅमस्टरला आपल्या २५ ग्रॅमच्या घासासारखे. दहा शिते म्हणजे आपला पाव किलो भात, म्हणजे चांगली भरलेली वाटी. आणि आपण ज्याला 'नुसता चमचाभर' म्हणतो तो पाच ग्रॅमचा भात त्याच्या हिशोबाने अडीच किलो! आपल्या हाताला जे किरकोळ वाटते ते त्याच्या पोटाला डोंगरासारखे असते. दिवसभराचे त्याचे सगळे अन्नच मुळी १० ते १२ ग्रॅम.

तेव्हा मोठ्या सोनेरी हॅमस्टरला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आठदहा शिते पुरेत. अंगठ्याएवढ्या खुज्या जातींना तीनचार शिते, आणि तीही क्वचित. कारण त्या जातींपैकी काहींत आणि चिनी हॅमस्टरमध्ये मधुमेह आढळतो, आणि भात म्हणजे बहुतांशी पिष्ट. दोन-अडीच महिन्यांच्या आतल्या पिलांना भात मुळीच देऊ नये. हे सारे रोजच्या अन्नाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. रोजचे अन्न म्हणजे हॅमस्टरसाठी तयार केलेले कोरडे खाद्य, थोडी धान्ये आणि बिया, थोडी स्वच्छ धुतलेली भाजी, आणि नळीच्या बाटलीत ताजे पाणी.

भात साध्या पाण्यात शिजवलेला, मीठ-तेल-तूप न घातलेला असावा. वरणभात, दहीभात, मसालेभात, फोडणीचा भात हे आपल्यासाठी. मीठ, कांदा, लसूण, तिखट आणि तेल यांतले काहीही त्या एवढ्या अंगाला सोसवणारे नाही. भात मोकळा असावा. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर यांचा मऊ, एकमेकांस धरून राहणारा भात आपल्याला रुचतो, पण गालाच्या पिशवीला तो चिकटतो. त्यापेक्षा कोलमसारखा मोकळा भात बरा. हातसडीचा असेल तर अधिक चांगला. शिजल्यावर तो पूर्ण निवू द्यावा, पण त्याच जेवणातला असावा. सकाळचा रात्री नको, आणि रात्रीचा शिळा तर मुळीच नको. भाताऐवजी साळीच्या लाह्या मिळाल्या तर त्या सर्वांत सोयीच्या, कारण त्या कोरड्या असतात आणि कोठारात गेल्या तरी नासत नाहीत. चुरमुरे मात्र बहुधा खारवलेले असतात, ते टाळावेत.

हॅमस्टर रात्रीचा प्राणी. म्हणून भात संध्याकाळी, तो जागा झाल्यावर द्यावा, वाटीत न ठेवता एकेक शीत हातातून द्यावे, आणि तो खातो की गालात कोंबतो हे पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठार तपासावे. ओला पदार्थ सापडला तर काढून टाकावा. कोरडे दाणे मात्र तिथेच राहू द्यावेत. आपली सारी साठवण रोज लुटली जाते असे त्याला वाटले, तर तो अस्वस्थ होतो.

एवढे करूनही प्राणी कधी आजारी पडतो. शेपटीखालचा भाग ओला, अंग आक्रसलेले, केस विस्कटलेले, खाणे बंद, अशी चिन्हे दिसली की ओळखावे, आतडे बिघडले आहे. कोवळ्या पिलांत ओल्या शेपटीचा जो रोग होतो तो भातामुळेच होतो असे नाही; त्यामागे लॉसोनिया नावाचा जंतू असतो, आणि नवी जागा, प्रवास, गर्दी, एकाएकी बदललेले अन्न यांनी त्याला जोर चढतो. दोनतीन दिवसांत खेळ आटोपतो, म्हणून उद्या बघू असे म्हणू नये. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. घरातली औषधाची गोळी फोडून घालण्याचा मोह तर कटाक्षाने आवरावा. पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी जी औषधे माणसाला वाचवतात, ती हॅमस्टरच्या आतड्यातली उपकारक वस्ती मारून त्याचाच जीव घेतात.

हॅमस्टरचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. म्हणजे तिसरीतल्या मुलाने आणलेला प्राणी ते पाचवीत जाईपर्यंत जाणार, हे आईबापांनी आधीच समजून असावे. त्या दोन वर्षांत मूल काय शिकते, हा खरा प्रश्न आहे. भाताचा मोठा घास पुढे टाकून 'खा बाबा' म्हणणे सोपे. त्यात देणाऱ्याचे समाधान अधिक आणि घेणाऱ्याचा विचार थोडा. दहा शिते मोजून घेणे, ती निवू देणे, एकेक हातातून देणे आणि सकाळी शाळेत जाण्यापूर्वी त्याचे कोठार पाहणे, यांत कष्ट आहेत. पण जो आपल्याला सांगू शकत नाही, ओकू शकत नाही, आणि पिंजऱ्याबाहेर जाऊन दुसरे काही शोधू शकत नाही, त्याला पाळावयाचे तर मोजण्याचे कष्ट पाळणाऱ्यानेच घेतले पाहिजेत.

आजीने भात घाल म्हटले ते मायेनेच म्हटले. आजीला नाही म्हणू नये. तिच्याकडूनच निवलेल्या भाताची दहा शिते एका बशीत मोजून घ्यावीत, आणि तिला पिंजऱ्यापाशी बसवून ती एकेक करून द्यावयास सांगावे.